दोरीपलीकडची खोली

थोरल्याच्या बाबांना साष्टांग नमस्कार. गुडघे वाकत नाहीत, तेव्हा कागदावरच घ्या.

नातीच्या ऑफिसच्या कामासाठी चार दिवस या परक्या शहरात आलोय, पण आम्ही सुखरूप आहोत. तुम्ही रात्रीची गोळी घेता ना?

आज नात आणि तिच्या ऑफिसातल्या दोघी मैत्रिणी मला शहर दाखवत होत्या. गाडी महाग, म्हणून पायी. एका संग्रहालयात आज तिकीट नव्हतं, म्हणून शिरलो. तिथे दोरी लावून एक खोली मांडलीय. पाटी मी अक्षरं जोडत वाचली, 'पूर्वीची गरीब वस्ती. या खोलीत सहा जण राहत.' लोक चुकचुकत होते. अहो, ती खोली आपल्या खोलीपेक्षा मोठी! आणि आपण सात!

एक मैत्रीण म्हणाली, "बाई गं, माणसं राहायची तरी कशी?"

माझ्या तोंडाला कुठलं कुलूप? म्हटलं, "आमच्यासारखी."

मग नातीचं तोंड बघितलं, पांढरंफटक. नोकरीला लागल्यापासून तिने आपलं घर कुणाला दाखवलेलं नाही. मला वाटलं, झालं, पोरीची अब्रू मी वेशीवर टांगली.

तर ही दोरीपाशी गेली आणि बोट दाखवत म्हणाली, "मी इथे झोपते. आजी तिथे. आजोबा दारात, घोरतात म्हणून."

मी चाटच पडले!

पुढच्या रविवारी त्या दोघी आपल्याकडे जेवायला येणार आहेत. नातीनेच बोलावलंय. तेव्हा दारातली खाट हलवा, आणि त्या दिवशी तरी बनियनवर सदरा चढवा.

तुमची,
घरची तोफ