मुलाला कावड, मुलीला पाठुंगळी

परम दयाळू अल्लाचे नाव घेऊन आणि तोंडातले पान बाजूला थुंकून, मी पोनिराह, मरहूम वागिमिनची बायको, राहणार सेंदांगलेगी, मध्य जावा, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. ओळखपत्रावर माझे वय सत्याहत्तर आहे. ते कचेरीतल्या पोराने माझे दात पाहून लिहिले. आमच्या पाच बाजारवारांपैकी पोनच्या दिवशी जन्मले म्हणून पोनिराह, एवढेच पक्के.

माझे डोके ठिकाणावर आहे. कमरेबद्दल तसे म्हणता येत नाही. माझ्यावर कोणी दमदाटी केलेली नाही. तशी हिंमत असलेले एकच माणूस होते, ती माझी सासू, आणि तिला मीच माती दिली. माझी शाळा दोन इयत्तांची, म्हणून गावचा लेखनिक सुरादी हे लिहितो आहे. कायद्याचे शब्द त्याचे, बाकीचे माझे. "म्बाह, असं मृत्युपत्रात चालत नाही," असे तो तीनदा म्हणाला. सारा गाव मला म्बाह म्हणतो, म्हणजे आजी. आजीला काय चालते ते आजी ठरवील.

कलम एक. वारस. माझे वारस दोन. थोरला बगियो. हा गावच्या पर्यटन समितीचा अध्यक्ष आहे. समितीत आणखी कोण आहे ते विचारू नये, त्यालाही माहीत नाही. धाकटी लस्मी. हिचा नवरा पामतेलाच्या मळ्यात कामाला म्हणून बोर्निओला गेला आणि तिथेच रुजला. ती माझ्याजवळ राहते आणि माझी खाचरे पिकवते.

कलम दोन. मिळकत. लाकडी घर एक, शेळ्या, नारळ, आणि भाताची खाचरे तीन: वरचे, मधले आणि खालचे, एकाखाली एक, झऱ्याच्या पाटाला लागून. यातले काहीही नवऱ्याकडून आलेले नाही. वागिमिन वेताचा घोडा कमरेला बांधून नाचायचा, आणि अंगात आले की काच खायचा. दहा गावांतून त्याला बोलावणे यायचे. काच चावून खाणारा तो माणूस घरी माझ्या हातच्या रताळ्याला नाक मुरडायचा. मी पाठीवर पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची झोळी बांधून कोबी, कोळसा, लोकांचे तांदूळ बाजारात वाहून नेले. वरचे खाचर कोबीचे, मधले कोळशाचे. खालचे खाचर घेतले तेव्हा बगियो पोटात होता, म्हणजे पुढे तो आणि मागे कोबी. तसे पाहिले तर त्या खाचराचे ओझे त्यानेही थोडे वाहिले आहे. हे मी विसरलेले नाही. पुढे कलम आठ पाहावे.

कलम तीन. प्रेक्षणीय स्थळे. बगियोने माझ्या खालच्या खाचराच्या बांधावर बांबूचे गुलाबी हृदय रोवले, दोन नारळांच्या मध्ये झोका टांगला आणि माणूस बसेल एवढे पाखराचे घरटे विणवले. शेळ्यांच्या गोठ्यात तिकीटखिडकी काढली. शेळ्या बाहेर झोपतात. मग फलक लागला: 'म्बाह पोनिराहबरोबर भात लावा.' मला न विचारता.

"आई, जरा वाकून उभी राहा. आणि हसू नकोस," तो म्हणाला, फोन डोळ्यासमोर धरून.

"का रे?"

"दुःखी शेतकरी जास्त चालतात."

शहरातल्या एका बाईने साऱ्या ओळीची रोपे उलटी लावली, मुळे आभाळाकडे. मी म्हटले, "बाई, वर कोणी जेवायला बसलंय का?" ती मैत्रिणीला म्हणाली, "अगं, आजी किती गोड आहेत!" ती ओळ लस्मीने संध्याकाळी पुन्हा लावली. चिखलातून पाय उपसण्याचा जो आवाज येतो, तो त्या दिवशी मोठा येत होता.

आता बगियोच्या मनात दोन खाचरे बुजवून तिथे गाड्या उभ्या करायची जागा आणि सिमेंटचा हत्ती करायचा आहे. जावाच्या या डोंगरात हत्ती कोणी पाहिला ते त्याने सांगितलेले नाही. दोन खाचरे गेली तर उरलेल्या एकावर लस्मीचे वर्ष निघत नाही. हे मृत्युपत्र त्यासाठी आहे. हत्तीसाठी मी कोबी वाहिलेला नाही.

कलम चार. पाठुंगळीची हकीकत. यंदाच्या जानेवारीत झऱ्याच्या पायऱ्यांवर घसरून माझे कंबरडे मोडले. त्याच आठवड्यात दरड पडून रस्ता तुटला होता. बगियोने त्याची जीप आणली. तिच्यावर दोन्ही बाजूंनी लाल अक्षरात 'साहस' लिहिले आहे. दरडीपाशी येऊन ती थांबली.

"आई, जीप पुढे जात नाही."

"साहस लिहिलंय ना तिच्यावर?"

"ते पर्यटकांसाठी आहे, आई."

लस्मीने माझी जुनी झोळी आणली, मला पाठीशी घेऊन करकचून गाठ मारली आणि बांधावरून खाली उतरायला लागली. दवाखाना ओढ्यापलीकडे. मध्ये बांबूचा पूल.

"जड होतेय का गं?" मी विचारले.

"अंग नाही. बोलणं जड आहे. जरा गप्प बस."

"पूल हलतोय."

"पूल नाही, तू हलतेयस. मान खाली घाल, मला समोरचं दिसत नाही."

बगियो पुढे होता. उलटा चालत होता, कारण तो व्हिडिओ काढत होता. तो त्याने त्याच दिवशी सगळ्या दुनियेला दाखवला. खाली लिहिले: 'सेंदांगलेगीला या. इथे अजून मायेची माणसं राहतात.' मुंबईपासून मक्केपर्यंत लोकांनी तो पाहिला म्हणे. कोपऱ्यात बगियोचा अंगठा आला आहे. म्हणजे कागदाला लागतो तसा अंगठाही झाला. तेव्हा लस्मीने मला वाहिले की नाही, याला वेगळा साक्षीदार लागत नाही.

कलम पाच. रीत कोणी मागितली. मी बरी होऊन घरी आले तेव्हा शेजाऱ्यांना जेवायला बोलावले. पिवळ्या भाताचा डोंगर रचला, कोंबडी कापली, इमाम मश्कूर यांनी दुवा मागितली. गावप्रमुख दर्मो होते, शेजारीण तुमिनी होती. बगियोने कोंबडीची तंगडी हातात धरून सभा घेतली.

"आई, आता सगळ्यांसमोर वाटणीचं ठरवून टाकू. मागं भांडण नको. बापजाद्यांची रीत आहेच: मुलाला कावड, मुलीला पाठुंगळी."

मुलगा कावडीने वाहतो, म्हणून त्याच्या दोन टोपल्या. मुलगी पाठीवर वाहते, म्हणून तिची एक. खाचरे तीन. हिशोब लस्मीलाही कळला. ती भात वाढत होती. बगियोच्या पानावर तिने पळा असा आपटला की भात गावप्रमुखांच्या टोपीवर उडाला.

"रीतीप्रमाणेच हवंय ना तुला?" मी विचारले. "मागाहून कुरकूर नको."

"रीतीप्रमाणेच. तसूभर इकडे नको, तिकडे नको."

इमाम म्हणाले, वारसाच्या नावाने मृत्युपत्र केले तर बाकीच्या वारसांची कबुली लागते, नाहीतर ते टिकत नाही. मी म्हटले, मग घ्या कबुली. 'वाटणी कावड-पाठुंगळीच्या रीतीने होईल, ती मान्य आहे,' असे सुरादीने लिहिले. लस्मीने मान खाली घालून सही केली. बगियोने तिकिटावर करतो तशी शेपटीची सही केली आणि दुसरी तंगडी घेतली.

कलम सहा. कावड. सुगी आली तेव्हा त्याच माणसांना मी बांधावर बोलावले. वागिमिनची बांबूची कावड माळ्यावरून काढली. दोन टोपल्या भाताने भरल्या आणि बगियोला म्हटले, "चल. खाचरापासून घरापर्यंत. जेवढं पोचेल तेवढा तुझा वाटा."

"आई, ही काय चेष्टा आहे?"

"चेष्टा तू माझ्या बांधावर गुलाबी हृदय रोवलंस ती. ही रीत आहे. तसूभर इकडे नाही, तिकडे नाही."

गावप्रमुख म्हणाले, "बगियो, सही तुझीच आहे रे बाबा." इमामांना खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही.

कावड जोराने वाहत नाहीत, झोक्याने वाहतात. बांबू लवतो तसे पाऊल पडायला हवे. बगियोने कावड उचलली, आणि मग कावडीने बगियोला उचलले. बांधाच्या वळणावर पुढची टोपली पाटात गेली, तिच्यामागे बगियो, आणि दोघेही तुमिनीच्या बदकांत.

"अरे मेल्या, माझी बदकं!" तुमिनी ओरडली. "ती काय पर्यटक आहेत, पैसे घेऊन भिजवायला?"

उठला, हे सांगायला हवे. चिखलाने भरलेला, गाल फुगलेला, पण उठला आणि मागली टोपली दोन्ही हातांनी पोटाशी धरून घरापर्यंत आला. तिच्यात अर्धी टोपली भात होता आणि तुमिनीचे एक बदक, ते निवांत बसून आले. बदक परत केले आहे. त्या दिवसापासून ते अंडी देत नाही असे तुमिनी म्हणते. ते आधीही देत नव्हते. तिचा माझ्या वारसांवर काही दावा लागत नाही, हे इथेच लिहून ठेवते. तिच्या केळीचा घड जो माझ्या कुंपणावर वाकतो, तो मात्र माझ्या वारसांचा.

कलम सात. वाटणी. बगियोला: कावड एक, टोपल्या दोन, भात अर्धी टोपली, तसेच हृदय, घरटे, झोका, कारण ती त्याचीच आहेत आणि मला कबरीत नकोत. झोका त्या नारळांवर लस्मीच्या मर्जीने राहील. गोठा शेळ्यांना परत. पर्यटकांना भात लावायचा असेल तर लावावा, पण मुळे खाली.

लस्मीला: पाठुंगळीला जे होते ते. पाठुंगळीला मी होते. माझ्या कमरेला घराची किल्ली होती, आणि पोटाशी, चोळीच्या आत, खाचरांचे कागद होते. दवाखान्यात जाताना मी ते घरी ठेवत नाही, कारण मला बगियो माहीत आहे. पुलावरून ती हे सारे घेऊन गेली आणि काही सांडले नाही. म्हणून घर, शेळ्या, नारळ, पाटाची पाळी, वरचे खाचर आणि मधले खाचर लस्मीचे. झोळीही तिचीच.

मी हे वाचून दाखवायला लावले तेव्हा लस्मी म्हणाली, "आई, मी काय वाटणीसाठी उचललं होतं तुला?"

"म्हणून तर देतेय. वाटणीसाठी उचललं असतंस तर पुलावर पाडलं असतंस."

माझा सोन्याचा दात कोणी काढू नये. वागिमिन कोंबड्यांच्या झुंजीत आयुष्यात एकदाच जिंकला, त्याचा आहे. कबरीत फरिश्ते प्रश्न विचारायला येतील तेव्हा मला तोंड भरून हसायचे आहे. तिथे कोणी फोन घेऊन उभा नसेल.

कलम आठ. खालचे खाचर. हे मी अजून कोणालाही दिलेले नाही. कब्रस्तान टेकडीवर आहे, वाट उभी आहे, आणि आमच्याकडे जनाजा पुरुषच नेतात. लस्मीला मी पुन्हा वाहायला सांगू शकत नाही. बगियोने पुढचा उजवा खांदा द्यावा. बाकीचे तिघे हवे तितके बदलोत. त्याने घरापासून टेकडीपर्यंत खांदा बदलू नये, जनाजा कलंडू देऊ नये आणि फोन घरी ठेवावा. पोचला तर खालचे खाचर त्याचे, कारण जनाज्याच्या दांड्या कावडीसारख्या खांद्यावरच असतात आणि ते ओझे रीतीत बसते. इमामांना विचारून घेतले आहे. त्यात त्याने भात लावावा की हत्ती, ते त्याचे त्याने पाहावे. नाही पोचला तर तेही लस्मीचे. निकाल तुमिनी देईल. तिच्याइतके बारीक लक्ष आमच्या घरावर कोणाचे नाही.

हे कलम त्याला कळल्यापासून बगियो सकाळी झऱ्यावरून कावडीने पाणी आणतो. आधी अंगणात पोचेपर्यंत डबे रिकामे व्हायचे. हल्ली निम्मे उरते. परवा झोक्यावर आलेल्या पोरींनी त्याचे फोटो काढले. तो हसत नव्हता. दुःखी शेतकरी जास्त चालतात.

लस्मी त्याच्या खांद्याला खोबरेल चोळून देते. चोळताना जोर करते.

त्याने घाई करू नये. मलाही घाई नाही.

हे सारे मला वाचून दाखवले, मी ऐकले, दोन ठिकाणी सुरादीने शिव्या गाळल्या होत्या त्यातली एक परत घालायला लावली आणि दुसरी सोडून दिली.

पोनिराह, डाव्या हाताचा अंगठा (उजव्याला चुना लागला आहे)

साक्षीदार:
दर्मो, गावप्रमुख. सही.
मश्कूर, इमाम. सही. कलम सहाच्या वेळी मला खरोखरच खोकला होता.
तुमिनी, शेजारीण. अंगठा. बदकाबद्दलचे मान्य नाही, बाकी मान्य.

वारसांची कबुली:
लस्मी. सही.
बगियो. वाचले, मान्य. आई, वजन वाढवू नकोस.

लिहिणार: सुरादी, लेखनिक
ठिकाण सेंदांगलेगी, शुक्रवार, पोन बाजाराचा दिवस, १६ ऑगस्ट २०१९