बटणांच्या डब्यातला शिलिंग

बाबा,

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, आणि गेल्या महिन्यात मी तुमच्या नावाची पाटी उतरवली. नाण्यांच्या क्लबात, काचपेटीतल्या त्या शिलिंगाखाली लावलेली पितळी पाटी, तुम्ही तो शोधून काढलात असं सांगणारी. स्क्रू घट्ट बसले होते. मी स्वतःच फिरवले.

वेस्ट विंडसरमधला तुमचा तो वाढदिवस. मी अकरा वर्षांची. दोन गल्ल्या सोडून एका गराज सेलमध्ये, घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत, मी दोन डॉलरला बटणांचा डबा घेतला होता, कारण बटणांत चांदीचं एक वेडंवाकडं नाणं होतं आणि त्यावर झाड होतं. लायब्ररीतल्या पुस्तकात मी ते पाहिलं होतं: मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीतल्या लोकांनी राजाला न विचारता पाडलेला शिलिंग. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पाउंड, हे तुम्हीच मला पाढ्यांसारखं पाठ करून घेतलेलं. रुमालात बांधून मी नाणं तुमच्यापुढे ठेवते. तुम्ही डोळ्याला भिंग लावता. आई शिरा वाढता वाढता थांबते. खूप वेळ बघून तुम्ही भिंग खाली ठेवता आणि म्हणता, “रिप्लिका आहे. म्युझियमच्या दुकानात मिळतात असली. तुला नजर नाही गं.” नाणं मात्र परत देत नाही.

पुढे ॲन आर्बरला शिकत असताना इतिहासाच्या प्रोफेसरबाईंनी मला युनिव्हर्सिटीच्या नाणेसंग्रहात काम देऊ केलं. मी नको म्हटलं. ज्या मुलीला नजर नाही तिने तिथे काय करायचं? मी फार्मसी केली. वीस वर्षं गोळ्या मोजते आहे आणि प्रत्येक बाटली दोनदा तपासते आहे.

यंदा आईला माझ्याकडे पार्सिपनीला आणलं. तुमचं कपाट रिकामं करताना एक फाइल सापडली. तज्ज्ञाचं प्रमाणपत्र: शिलिंग अस्सल. तारीख तुमच्या त्या वाढदिवसानंतरच्या नवव्या दिवसाची. मागे क्लबचं जुनं पत्रक, त्यात तुमचा लेख. बटणांच्या डब्यात तुमच्या ‘सरावलेल्या नजरेला’ नाणं कसं दिसलं, ते तुम्ही दीड पान लिहिलंय. डब्याचा रंगसुद्धा बरोबर लिहिलाय. मी कुठेच नाही.

त्याच आठवड्यात क्लबातून फोन आला: तुमच्या स्मरणार्थ होणारं व्याख्यान या वर्षी लेकीने द्यावं. मी लगेच हो म्हटलं. विषय दिला, शिलिंग. चाळीसेक माणसं होती, पहिल्या रांगेत आई. मी सांगितलं की शिलिंग या शब्दाचं मूळ काही जण खणखणण्यात शोधतात, तर काही कापण्यात. मला कापणं जवळचं वाटतं. त्या वसाहतवाल्यांनी आपला शिलिंग इंग्लंडच्या शिलिंगापेक्षा मुद्दाम हलका पाडला, म्हणजे चांदी बाहेर जाऊ नये. आणि वर्षानुवर्षं त्यावर एकच जुनं साल छापलं. राजाने जाब विचारलाच तर सांगता यावं, तेव्हा गादीवर राजाच नव्हता, असं म्हणतात. “म्हणजे नाणं खरं आहे, साल खोटं आहे,” मी म्हटलं, “आणि खालची पाटीही खोटी आहे.” मग फाइल उघडली.

तुमचे मित्र, ते क्लबचे काका, उभे राहिले. “अगं, गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये. तो उत्तर द्यायला आहे का इथे?”

“काका, ते मला बोलले तेव्हा मी अकरा वर्षांची होते. मला तरी कुठे उत्तर देता आलं?”

ते खाली बसले. कोणीतरी स्क्रूड्रायव्हर आणून दिला. खरं सांगते, इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

परतताना गाडीत आईने सीटबेल्ट लावला. मग म्हणाली, “मला माहीत होतं. त्यांना म्हटलं होतं मी, पोरीला सांगा. म्हणाले, सांगू नंतर.” मी ड्राइव्ह करत राहिले. तिच्याशी अजून धड बोललेले नाही.

हे कोणाला दाखवायचं नाही, म्हणून इथेच लिहिते. त्या दिवशी स्टेजवर मी सांगितलं की ‘रिप्लिका’ असं म्हणून तुम्ही मोठ्याने हसलात, पाहुण्यांसमोर. पाहुणे नव्हतेच, आपण तिघंच होतो. आणि तुम्ही हसला नव्हतात. ते मी माझ्या पदरचं घातलं. लोकांनी चुकचुक केली, मला ती हवी होती. दुरुस्त करणार नाही.