पडदा काळा, आवाज चालू

७ जुलै, सोमवार

टीव्ही पुन्हा काळा! आवाज चालू, चित्र गायब. साडेपाचला शाळेच्या ऑफिसातून आले तर आबा खुर्चीत ताठ बसलेले, समोर काळाकुट्ट पडदा, आणि आत कोणीतरी बाई पावसाचा अंदाज सांगतेय. घाटमाथ्यावर मुसळधार म्हणे. खिडकीतून दिसतंय ते, बाई.

कधीपासून असं आहे म्हणून विचारलं. "कवाचं," म्हणाले. आबांचं 'कवाचं' म्हणजे दहा मिनिटंही असतील आणि चार तासही.

बंद करून चालू केला. आला. अर्ध्या तासानं परत गेला. रिमोटचे सेल बदलले. सेलचा काय संबंध, पण हाताला काहीतरी काम हवं ना!

पवनचा तळेगावहून फोन आला. टीव्हीचं सांगितलं तर म्हणाला, "ताई, टीव्हीचं सोड. आपलं काय ठरलंय?" ठरलंय ते लक्षात आहे बाबा. जूनमध्ये आबा दोनदा घरातून निघून गेले. तिसऱ्यांदा गेले की तळेगावच्या पुढे ते वृद्धांचं केंद्र आहे, तिथे ठेवायचं. एक ऑगस्टला तिथली एक खाट रिकामी होतेय. धाकटा भाऊ माझा, पण बोलतो थोरल्यासारखा. आणि चुकीचंही बोलत नाही, हाच तर त्रास आहे.

८ जुलै

सगळ्या वायरी काढून परत लावल्या. पिन दुसऱ्या सॉकेटात घातली. बॉक्सवरची धूळ पुसली. पाऊण तास छान. मग काळा!

९ जुलै, बुधवार

आज दिवसभर टीव्ही झकास चालला. नंदाबाईंनी सांगितलं. मी शाळेच्या ऑफिसात असते तेव्हा शेजारच्या या नंदाबाई तासातासाला डोकावून जातात. त्यांच्यामुळे माझी नोकरी टिकलीय.

पण दुपारी आबा चपला घालून फाटकापर्यंत गेले होते. नंदाबाईंनी हाताला धरून आणलं. "पवनला सांगू नका," म्हटलं. तर म्हणाल्या, "मी कशाला सांगती? फाटकाच्या आतच व्हते की!" फाटकाच्या आत म्हणजे गेले नाहीत, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं.

११ जुलै, शुक्रवार

कालही काळा, आजही काळा. कंपनीच्या नंबरवर फोन केला. पंचवीस मिनिटं सतार ऐकली. मग एक मुलगी म्हणाली, मॅडम, टीव्ही बंद करून साठ सेकंदांनी चालू करा. बाई गं, हे मी सोमवारपासून करतेय! मग म्हणाली, मॅडम, पिन काढून साठ सेकंद थांबा. तेही केलं. मग म्हणाली, मॅडम, आमचा माणूस लोणावळ्यात पाऊस कमी झाल्यावर येईल. म्हणजे दसऱ्याला.

कोणी हे वाचलं तर म्हणेल, या बाईला टीव्हीचं एवढं काय पडलंय? टीव्ही माझ्यासाठी नाहीच. मला आठ वाजेपर्यंत डोळे उघडे ठेवता येत नाहीत. टीव्ही माझ्या वडिलांचा, आबांचा आहे. ब्याऐंशीचे झालेत. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलंय, मला ते लिहावंसं वाटत नाही. एकदा मी बाहेरून कुलूप लावून गेले होते, तर आबांनी दारावर थापा मारमारून हात सुजवून घेतला. त्यानंतर कुलूप नाही. समोर कुस्त्या, बातम्या चालू असल्या की खुर्चीत बसतात, असा माझा हिशेब. टीव्ही चालला तर आबा घरात, आबा घरात तर माझ्याजवळ. एवढं साधं आहे.

१२ जुलै, शनिवार

मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. पडदा काळा झाला की घर अंधारं करायचं, पडद्याला चिकटवून तिरका टॉर्च मारायचा. मारला. आत फिक्कट माणसं हलताना दिसली! म्हणजे चित्र आहे, मागचा उजेड गेलाय. एवढा आनंद झाला की आबांना हाक मारून दाखवलं. आबा वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "दिवा घाल की त्यास्नी."

कौतुक तेवढ्यापुरतंच. संध्याकाळी चहा सांडला, वरण सांडलं, आंघोळीला नाही म्हणाले, आणि मी आबांसमोरच बोलून गेले, "दमले मी आता! खरंच दमले!" आबांनी नुसतं बघितलं. त्यांना काय कळतंय म्हणा.

१४ जुलै, सोमवार

बजरंग येऊन गेला. बाजारात त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, गाव आंदर मावळात. भर पावसात गाडीवरून आला, टॉवेल मागितला, चहा मागितला, आणि मग टीव्ही पुढे ओढून मागे डोकं घातलं. मग बल्ब हातात धरून बाहेर आला.

"ताई, ह्यो कुनी लावला?"

मीच लावला. जून लागला की इथे कपाटात कपड्यांवर बुरशी, चपलांवर बुरशी, पुस्तकांवर बुरशी. सगळ्यांच्या कपाटात चाळीसचा पिवळा बल्ब जळत असतो. पांढरे नवे बल्ब गरम होत नाहीत म्हणून पिवळे हुडकून आणावे लागतात. आई लावायची, मीही लावते. यंदा वाटलं, टीव्हीलाही ओल लागत असेल. म्हणून मागे एक लावून दिला, दिवसरात्र. मायेनं!

"आवो, ही काय गोधडी हाय व्हय?" बजरंग म्हणाला. "शेकून शेकून आतल्या उजेडाच्या पट्ट्या गेल्यात. तापलं की काळं, निवलं की चालू. मदी एखाद्या दिशी नीट चालला आसंल बगा."

चालला होता, बुधवारी. मंगळवारी रात्री बल्ब उडाला होता आणि नवा मी बुधवारी संध्याकाळी लावला. म्हणजे आठवडाभर मी एका हातानं टीव्ही दुरुस्त करत होते आणि दुसऱ्या हातानं भाजत होते.

"वाईट वाटून घिऊ नका," तो म्हणाला. "लोनावळ्यात निम्म्या घरांत ह्येच. पावसाळ्यात माजं दुकान तुमच्या बल्बावर चालतंय." टीव्ही घेऊन गेला. बुधवारी देतो म्हणालाय.

१५ जुलै

रजा टाकली. टीव्ही नाही तर आबांजवळ कोण बसणार? भिंतीवर टीव्हीच्या मापाचा स्वच्छ चौकोन राहिलाय, बाकी सगळी भिंत ओलीनं काळवंडलेली. आबा दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. "कुटं गेला?" "दुरुस्तीला गेलाय आबा, उद्या येईल." "त्यो कसा दुरुस्तीला जाईल?" परत पाच मिनिटांनी, "कुटं गेला?" वीस वेळा तरी झालं असेल. एकविसाव्याला मी उत्तर दिलं नाही.

१६ जुलै, बुधवार

आला! चित्र असं की डोळे दिपावेत. बजरंगनं जाताना बल्बाकडे बोट दाखवून हात जोडले. उद्यापासून शाळा. आज नऊला झोपणार.

१७ जुलै, गुरुवार

गेले.

नंदाबाई सव्वाबाराला डोकावल्या तेव्हा टीव्हीवर कुस्ती चालू होती आणि खुर्ची रिकामी. शाळेत फोन आला. मी छत्रीसुद्धा न घेता निघाले. आधी स्टेशन, मग खंडाळ्याच्या रस्त्याला, कारण जूनमध्ये सगळ्यांनी तेच सांगितलं होतं. आबा आयुष्यभर खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या रुळांवर होते. जुनी सवय, ड्यूटीला निघतात, असं डॉक्टरही म्हणाले.

सापडले तीन वाजता, वलवणच्या पुढे, तळेगावकडे जाणाऱ्या जुन्या हायवेच्या कडेला. एका भजीवाल्यानं प्लास्टिकचा कागद पांघरून बसवून ठेवलं होतं. खंडाळ्याला जायचं तर हे अगदी उलटं! पण त्यांना आता दिशा कुठे कळतात. काखेत कापडी पिशवी, तिच्यात दोन सदरे, गोळ्यांचा डबा. ड्यूटीला निघाले होते ना.

"आबा, कुठे निघाला होता?" "इसरलो," म्हणाले. आणि लहान मुलासारखे रडले. मीही.

१८ जुलै

पवनला लपवणं शक्य नव्हतं, भजीवाल्यानं आबांच्या खिशातल्या नंबराच्या चिठ्ठीवरून आधी त्यालाच फोन केलेला. तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. "ताई, तुझी कमाल आहे, पण आता पुरे," एवढंच म्हणाला. एक तारखेला सकाळी गाडी घेऊन येतोय. मी हो म्हटलं.

मला बरं वाटलं. खरं लिहायचं तर थोडं बरं वाटलं. आणि मग इतकी लाज वाटली की जेवले नाही.

२० जुलै, रविवार

आज विहारात वर्षावासाचं वाचन होतं, गेले नाही. आबांना सोडून कशी जाऊ? बसल्या बसल्या ही वही मागे चाळली. सात तारीख: काळा, आबा खुर्चीत. आठ, दहा, अकरा: काळा, खुर्चीत. नऊ: झकास चालला, पायात चपला. सतरा: झकास चालला, वलवण.

तीनदा वाचलं. मग उठून टीव्हीची पिन काढली.

२१ जुलै, सोमवार

सकाळी शाळेला निघायच्या आधी मुद्दाम दाराआड उभी राहिले. आबा खुर्चीत बसले. पुढे वाकले. तोंडभर हसले. म्हणाले, "आलास व्हय? भिजलास न्हवं?"

हळूच मागे जाऊन त्यांच्या खांद्यावरून बघितलं. पाठीमागे खिडकी, आणि काळ्या काचेत एक म्हातारा. कानटोपी घातलेला, पुढे वाकलेला. आबा त्याला म्हणाले, "वही दे, म्हैपती."

महिपतीकाका! पावसाळ्यात घाटातली दरड बघायला रुळांवरून पायी गस्त असायची. दोन चौक्यांवरून दोघे निघायचे, आबा इकडून, महिपतीकाका तिकडून. मध्ये भेटायचं आणि एकमेकांची वही बदलून घ्यायची, म्हणजे दोघंही शेवटपर्यंत चालल्याचा पुरावा. मग मिळून बिडी. बावीस पावसाळे आबांनी हेच केलं. काकांना जाऊन चौदा वर्षं झाली.

शाळेत पोचायला उशीर झाला. मुख्याध्यापिका बोलल्या. ऐकून घेतलं.

२२ जुलै

दिवसभर खुर्चीत. जेवले दोनदा. नंदाबाई म्हणतात, "आवं, हे तर कवाधरनं बोलत बसत्यात. मला वाटलं, म्हातारं मानूस, टीव्हीला शिव्या देतंय."

पवनला फोन केला, सगळं सांगितलं. तर म्हणाला, "म्हणजे बंद टीव्हीपुढे बसवून ठेवायचं? किती दिवस, ताई? उद्या काचेतल्या माणसालाही विसरले तर?" गाडी एक तारखेला येणार, असं म्हणूनच ठेवला त्यानं.

आबांचे सदरे इस्त्री करायला काढले. केंद्रात नाव घातलेले कपडे लागतात म्हणे. दोन सदऱ्यांवर दोऱ्यानं 'सीताराम' घातलं. तिसऱ्यावर हात चालेना.

२४ जुलै, गुरुवार

शाळा पावसानं लवकर सुटली. मी दारातच थांबले, कारण आबा काचेतल्या काकांशी अगदी हळू बोलत होते.

"माज्यापायी पोरगी लय दमली रं, म्हैपती. म्हनून निगतो मी पवनकडं ऱ्हायला. तिला सांगत न्हाई, सांगितलं तर जाऊ द्यायची न्हाई. पन सडकंला लागलं की इसरतो, कुटं निगालतो ते."

मी चपला न काढता पायरीवरच बसले. मग पवनला फोन केला. केंद्रातली ती खाट दुसऱ्या कोणाला देऊ देत म्हणून सांगितलं.