मधोमध भिंत

३ मार्च

ती. आईस, सा. न. वि. वि.

दादा आणि भाऊ घराच्या वाटण्या करून बैठकीच्या खोलीत मधोमध भिंत घालणार, हे वाचून जीव थाऱ्यावर नाही. आणि तू दोघांची समजूत काढत या टोकाच्या खोलीतून त्या टोकाच्या खोलीत पायपीट करतेस!

गंमत म्हणजे प्रयोगशाळेत मी हेच बघते. आमचा जिवाणू आपल्या घरासारखाच लांबोडका. त्यात काही प्रथिनं या टोकाहून त्या टोकाला सारखी पळतात. ती असतात तिथे भिंत उभी राहू देत नाहीत. मध्ये त्यांचा मुक्काम सगळ्यात कमी, म्हणून भिंत तिथेच येते आणि एकाचे दोन होतात. हे सगळं कुणी न सांगता होतं, पण आमच्या साहेबांना ते काही पटत नाही. प्रथिनांनाही साहेब असणारच, म्हणतात.

पाय शेकत जा. तुझी माया आहेच, ती दादा-भाऊंपेक्षा मला जास्त असू दे.

तुझी धाकटी

१० मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझं शास्त्र मला बाई लगेच कळलं! जन्मभर टोकाटोकाला धावले आणि मध्ये भिंतीला जागा करून दिली. आता फेऱ्या बंद. भिंतीसाठी आखलेल्या खडूच्या रेघेवरच खुर्ची टाकून बसलेय. गवंड्याला सांगितलं, आधी मला चिण. तो बिचारा थापी घेऊन परत गेला. भाऊ म्हणतो, हा रडीचा डाव आहे.

तुझी आई

१५ मार्च

ती. आईस, सा. न.

अगं, घोटाळा केलास! प्रथिनं पळायची थांबली की टोकं मोकळी पडतात, आणि भिंत भलत्याच जागी, टोकाशी येते. मग एवढीशी कोठडी तुटून निघते. सगळा संसार राहतो इकडे, तिकडे नुसती पोकळी. पाया पडते, ऊठ आणि पळायला लाग!

धाकटी

२२ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तोवर गिलावा झाला होता. मी हलेना म्हणून दादाने चिडून आपल्याच खोलीच्या तोंडाशी भिंत घातली आणि रस्त्याकडून दार पाडलं. नळ, न्हाणीघर, स्वयंपाकघर सगळं राहिलं इकडे. आता खांद्यावर टॉवेल टाकून वळसा घालून येतो आणि पाहुण्यासारखी घंटी वाजवतो. जिंकलो असं दोघंही म्हणतात.

परवा पलीकडे दादा खोकला. सवयीने उठून गेले, तर कपाळ भिंतीवर आपटलं. तिथेच बसून रडले गं.

फेऱ्या पुन्हा सुरू केल्यात, पाण्याची बादली घेऊन, रस्त्याने. माया होती तेवढीच आहे, फक्त पोचवायला आता वळसा पडतो.

तुझी आई