दावेत, छत्री आणि दार्सोनोचं पोट

क्लातेन, ४ मे १९९४

ती. म्बाक वार्सिनी यांस,
धाकट्या भावाचा, दार्सोनोचा, शि. सा. न. वि. वि.

सेमारांगला उकाडा कसा आहे हे विचारत नाही, कारण तुम्ही तो दोन पानं सांगाल. आमच्या विडुरीचं लग्न महिन्यावर आलं. आदल्या दिवशी दारात दावेतचं गोड गार सरबत विकायचा मान आम्हा आईबापांचा. एंदाह विकणार, मी तिच्या डोक्यावर छत्री धरणार, पाहुणे पैशांऐवजी खापराचा तुकडा देऊन वाटी घेणार. आता दावेत बेचव निघालं तर नाक कुणाचं कापलं जाईल? म्हणून बाजारातल्या झाडून सगळ्या दावेतवाल्यांकडे जाऊन मी जातीने चव घेतली. ताडगूळ, नारळाचं दूध, बर्फ. मधुमेह आहे ना रे तुला, म्हणून तुम्ही वटारलेले डोळे मला इथून दिसतात. कर्तव्य होतं, म्बाक.

बर्फ बाधला असावा. कालपासून उलट्या आणि ढाळ. एंदाह म्हणते, अंगात वारा शिरला. तिने तेल लावून नाण्याने पाठ अशी खरवडली की आरशात मी वाघ दिसतो. वारा काही निघाला नाही, कातडी तेवढी निघाली. पोटात काही ठरत नाही म्हणून इंजेक्शनलाही सुट्टी दिली आहे. पाहुणाच नाही तर पानं कुणासाठी मांडायची?

टपालावर भरवसा नाही, म्हणून पत्र मिनीबसच्या ड्रायव्हरकडे देतो. लोभ आहेच, तो वाढावा. साखर तेवढी वाढू नये.

तुमचा,
दार्सोनो

सेमारांग, ५ मे १९९४

चि. दिक दार्सोनो यास,
अनेक आशीर्वाद आणि त्याहून अधिक शिव्या.

पत्र वाचून आधी चप्पल शोधली. मग लक्षात आलं की ती तुझ्यापर्यंत पोचायला काही तास लागतील. म्हणून त्याच ड्रायव्हरला थांबवून हे लिहितेय.

अरे शहाण्या, पोटात जंतू शिरले की माणूस उपाशी असला तरी साखर चढते. पाहुणा नसला तरी घरातलीच माणसं ताव मारतात, तसं आहे ते. इंजेक्शन आपल्या मनाने बंद करायचं नसतं. किती घ्यायचं ते डॉक्टर सांगेल. त्यातून उलट्या थांबत नसतील तर घरात बसायचंच नाही. हे पत्र हातात आहे तसा ऊठ. आणि ते नाणं एंदाहने रिक्षावाल्याला द्यावं.

आपल्या वडिलांनी, बापाकांनीही साखर अशीच हसण्यावारी नेली आणि गेले. माझ्या लग्नात त्यांची छत्री तू धरलीस, सोळा वर्षांचा, आणि तीही इतकी तिरकी की सगळं ऊन आईच्या डोक्यावर. विडुरीच्या लग्नात तुझी छत्री दुसऱ्या कुणी धरलेली मला बघायची नाही. मला भीती वाटते आहे, दिक. सरळ सांगते.

माझं म्हणशील तर अकरा वर्षं साखर सांभाळतेय, तुझ्यासारखी बाजार चाटत हिंडत नाही. लग्नासाठी नवा केबाया शिवलाय, म्हणून खाणंही कमी केलंय. हल्ली दोन घासांतच पोट तट्ट भरतं. रात्रीच्या भाताचे ढेकर सकाळी येतात. शेजारणी माझ्या संयमाचं कौतुक करतात. शीक काहीतरी.

तुझी रागावलेली,
म्बाक

क्लातेन, इस्पितळ, ९ मे १९९४

ती. म्बाक यांस शि. सा. न.

आशीर्वाद पोचले. शिव्याही वाटेत सांडल्या नाहीत. तुमच्या त्या ड्रायव्हरने दार असं बडवलं की गल्ली गोळा झाली. तोवर मला उठवत नव्हतं, तोंडाला कोरड, आणि श्वासाला पिकल्या फळाचा वास. एंदाहला वाटलं, मी चोरून फणस खाल्ला! तुमचं पत्र वाचताच तिने मला रिक्षात कोंबलं. साखर आभाळाला टेकली होती. हाताला सलाईन लागली तेव्हा मी म्हणे डॉक्टरांना छत्रीबद्दल विचारत होतो. ते म्हणाले, आणखी एक दिवस घरी काढला असतात तर छत्री तुमच्या तिरडीवर धरावी लागली असती. एंदाह तेव्हापासून अधूनमधून रडते. मग मलाही रडू येतं, पण मी सलाईन दुखतेय असं सांगतो.

पाठीचे पट्टे पाहून डॉक्टर म्हणाले, नाण्याने बरं वाटत असेल तर वाटू दे, पण साखर काही पाठीत नसते.

आता तुमचं. डॉक्टरांनी मला विचारलं, दोन घासांत पोट भरतं का? कालचं अन्न आज वर येतं का? फार वर्षं साखर असली की पोटाच्या नसा सुस्तावतात म्हणे. मी म्हटलं, माझं पोट उलट फार घाईत आहे. आणि मग तुमचा संयम आठवला. तो संयम नाही, म्बाक, ते पोट आहे. डॉक्टरकडे जा. नाही गेलात तर मी छत्रीला हात लावणार नाही. मग बसा मांडवात नाक मुरडत.

तुमचा वाघ,
दार्सोनो

सेमारांग, १७ मे १९९४

चि. दिक यास,
आशीर्वाद, शिव्या आज उधार ठेवते.

गेले होते. तुझं तोंड गोड होवो म्हणणार होते, पण ते आधीच गोड आहे. तुझंच खरं निघालं. माझं पोट आळशी झालंय, सकाळचं काम संध्याकाळवर ढकलतं. थोडं थोडं पण अनेकदा खायचं, तेल आणि नारळाचं दूध कमी, जेवण झालं की चालायचं. गोळ्याही दिल्यात. शेजारणींना अजून सांगितलेलं नाही. कौतुक संपायला वेळ आहे.

केबाया ढगळ होतोय याचा मला आनंद होत होता, याचंच आता वाईट वाटतं. लग्नाला येते. मला अगदी पुढची खुर्ची ठेव.

तुझी,
म्बाक

क्लातेन, १५ जून १९९४

ती. म्बाक यांस शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलात हे ड्रायव्हरकडून कळलं. विडुरी सासरी रमली आहे. घर रिकामं वाटतं. मी इंजेक्शन वेळेवर घेतो आणि दावेत एक थेंबही चाखलं नाही, हे एंदाह शपथेवर सांगेल.

बसमध्ये चढताना तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात की इतक्या वर्षांत मला छत्री सरळ धरता आली नाही, एंदाह उन्हाने लाल झाली. खरं आहे. पण तुम्ही हट्टाने एंदाहच्या मडक्याला खेटून खुर्ची ओढलीत आणि ऊन थेट तुमच्यावर होतं. चेहरा किती उतरला होता तुमचा. एंदाहच मला कोपराने ढोसत होती की त्यांच्यावर धरा.

आणि तुमच्या लग्नात आंघोळ करून ओल्या केसांनी तुम्ही ओसरीच्या कडेला बसला होतात, बापाक नाहीत म्हणून रडत. तेव्हाही ऊन तुमच्याच तोंडावर होतं. आईने कललेल्या छत्रीकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं, आणि उन्हातच पुढची वाटी भरली.

चार घास, पण चार वेळा खात जा. लोभ आहेच, तो असाच तिरका राहू द्यावा.

तुमचा,
दार्सोनो