जळजळ कधी होते?

गिरगाव,
४ ऑगस्ट २०२५

चि. प्रिती हिस,
सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

दहा मिनिटांच्या फोनचं काम ताई टपालाने का करते, म्हणून तू कपाळावर हात मारशील. कारण सांगते, पण हसायचं नाही.

शनिवारी सांधेवाल्या डॉक्टरबाईंकडे गेले होते. तुला माहीतच आहे, माझा संधिवात झिजेचा नाही. अंगाची राखण करायची ती प्रतिकारशक्तीच माझ्या बोटांवर उठली आहे. बाईंनी विचारलं, जळजळ कधी होते? मी खरं ते सांगून टाकलं, की धाकट्या बहिणीचा फोन ठेवला की होते. बाई बिचाऱ्या गोळ्यांनी पोटात होणाऱ्या जळजळीचं विचारत होत्या. तुझा दाजी अभय शेजारीच होता. त्याने मान वळवली आणि भिंतीवरचा गुडघ्याचा तक्ता वाचायला घेतला.

बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, मनाला लागलं की मेंदू किडनीवरच्या दोन छोट्या ग्रंथींना निरोप धाडतो आणि त्या कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन सोडतात. एरवी तेच सूज आवरून धरतं. पण ताण रोजचाच झाला, की दिवसभर शिट्ट्या फुंकणाऱ्या वॉचमनसारखं त्याचं कुणी ऐकेनासं होतं. मत्सराने आजार होत नाही, असं त्यांनी निक्षून सांगितलं. पण लागलेल्या आगीला तो वारा घालू शकतो. गोळी एकही चुकवायची नाही. तीन महिन्यांत सूज उतरली नाही तर बोटं वाकडी होतील, आणि वाकडी झालेली पुन्हा सरळ होत नाहीत.

सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो ते मी महिनाभर वहीत लिहिते आहे. नऊ वाईट सकाळींपैकी सात तुझ्या फोननंतरच्या निघाल्या. तुझं आपलं, नाना माझ्याच हातचं जेवतात, नानांना माझ्याशिवाय करमत नाही. तू सहज बोलून जातेस आणि मी इथे जळत बसते. थोरली मी. नानांची लाडकी लेक मी. आमचे तीन जिने आणि संडास बाहेर, नाना माझ्याकडे राहू शकत नाहीत, हे डोक्याला कळतं. बोटांना कळत नाही. दोन महिने मी तुझ्याकडे आले नाही, जिने चढवत नाहीत म्हणाले. तुझ्याकडे लिफ्ट आहे, हे तेव्हा तुझ्याही लक्षात आलं नाही.

तर आता पत्र लिही. पोचेपर्यंत तीन दिवसांत तुझा तोरा जरा शिळा होईल. नानांना माझा जयभीम सांग.

जळत असले तरी माया आहेच, ती गोड मानून घे.
तुझी ताई,
सीमा


लोअर परळ,
८ ऑगस्ट २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग रागावले, मग नानांची पेज उतू गेली म्हणून उठले. तुझ्या बोटांसाठी पत्रातून वाईट बातम्या पाठवायच्या असतील तर माझ्याकडे भरपूर आहेत.

फोनवर मी तुला अर्धंच सांगते. नाना माझ्या हातचं जेवतात हे खरं, पण घासाघासाला मला सीमे म्हणतात. मी दर वेळी सांगते की मी प्रिती. मग ते घाबरतात, तोंड मिटून घेतात आणि सीमा कुठे गेली म्हणून विचारत बसतात. तीन वर्षं अंघोळ मी घालते, डायपर मी बदलते, रजा माझ्या जातात आणि नाव तुझं. हे तुला कशाला सांगायचं? तुला आयतं सुख कशाला द्यायचं? म्हणून तोरा मिरवत होते.

आणखी एक. उजव्या कानामागे मला चाई पडली आहे, दहाच्या नाण्याएवढं टक्कल. केस वरून बांधून मी ते स्वप्नीललाही दिसू दिलं नाही. नवरा असून त्याला पत्ता नाही. माझ्या डॉक्टरांनीही तुझ्या बाईंचंच सांगितलं: अंगाचे राखणदारच केसांच्या मुळांवर उठलेत, ताण एवढंच काही कारण नसतं, पण झोप हवी. ती कुठून आणू? तू जळतेस तशी मीही जळते. एका आईच्या लेकी आपण, दुसरं काय.

बुधवारी दुपारी येशील का? नानांना बघणारी दर्शना त्या दिवशी दोनलाच निघते. मी ऑफिसात असेन, माझं तोंड बघावं लागणार नाही. तुझं येणं मला सोसेल असं नाही. पण ते विचारतात आणि मला आता उत्तर देववत नाही.

भांडलीस तरी चालेल, अंतर देऊ नकोस.
तुझी,
प्रिती


गिरगाव,
१४ ऑगस्ट २०२५

चि. प्रिती हिस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

खोटं लिहीत नाही. नाना तुला सीमे म्हणतात हे वाचून मला आनंद झाला. खाली चाईचं वाचलं आणि त्या आनंदाची लाज वाटली, तरी तो गेला नाही. बुधवारी तो घेऊनच तुझ्याकडे आले. नवी साडी नेसले होते.

नानांनी बराच वेळ बघून घेतलं. मी मऊ भात कालवला. चमचा धरवेना म्हणून सुजल्या बोटांनीच भरवू लागले. तिसऱ्या घासाला त्यांनी मला हाक मारली, ती प्रिते अशी.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण ते पुन्हा म्हणाले. आज ऑफिसातून लवकर कशी आलीस, विचारलं. फार दमतेस, जरा आडवी हो, असंही म्हणाले. मी समोर बसले होते आणि त्यांना काळजी तुझी होती. समोर असते तिची त्यांना धास्ती नसते ग, समोर नसते तिलाच ते बोलावतात. तीन वर्षं तू माझं नाव ऐकलंस, कारण तू कधी हललीच नाहीस.

मी जळले, अगदी पायाच्या नखापर्यंत. मी सीमा, असं सांगायला तोंडही उघडलं. पण मग ते घाबरले असते, घास तसाच राहिला असता. ते तिसऱ्यांदा प्रिते म्हणाले आणि मी ओ दिली. सगळी वाटी संपवली त्यांनी.

बोटं तशीच आहेत, गोळ्या चालू आहेत. दर बुधवारी आणि शनिवारी दुपारी येईन. शनिवारी तू दार लावून झोप. आणि ते सीमे म्हणाले, की आता तूही ओ देत जा.

तुझी ताई सीमा,
बुधवारपुरती प्रिती