उजवीकडून उघडणारं पुस्तक

अण्णा, काल मैत्रिणीचा फोन आला होता. बारावीला माझ्या वर्गात होती ती. आपल्या दुकानात आली की स्टुलावर बसून पाय हलवत राहायची, आणि तुम्ही तिला "काय पावणं, च्या घेणार न्हवं?" म्हणून विचारायचा. आता परदेशात असते. पोराबाळांचं बोलून झाल्यावर तिनं एकदम विचारलं, "ते पुस्तक हाय का गं अजून तुझ्याकडं?" आहे. कपाटात साड्यांच्या खाली आहे. फोन ठेवल्यावर ते बाहेर काढलं आणि तेव्हापासून टेबलावर तसंच पडलंय. तुम्हाला जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली. त्याआधी, पुस्तकाचं ते सगळं घडल्यावर, तीन वर्षं आपण एका घरात राहिलो, जेवलो, भांडलोसुद्धा, पण या पुस्तकाचा विषय तुम्ही काढला नाही आणि मीही नाही. म्हणून आज लिहायला बसले.

शिवाजी पेठेतलं आपलं बाइंडिंगचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मागं स्वयंपाकघर. आई शिरोली एमआयडीसीत कारखान्याच्या कँटीनला पोळ्या लाटायला जायची, त्यामुळं दुपारी कॉलेजातून आले की तुमची खळ शिजवायचं काम माझ्याकडं. मैदा पाण्यात कालवायचा, वास येऊ नये, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचं, आणि चिकट होईस्तोवर ढवळत उभं राहायचं. एका हातात पळी, दुसऱ्या हातात माझे झेरॉक्सचे कागद. खळ कितीदा करपली त्याला हिशोब नाही. तुम्ही पातेल्यात बोट घालून बघायचा आणि म्हणायचा, "अगं बाई, गाठ दोऱ्याला मारायची असती, खळीला न्हवं." एवढंच. काय वाचतीस म्हणून कधी विचारलं नाही.

ते कागद म्हणजे जपानी चित्रकथा होती, मांगा म्हणतात तिला. मैत्रिणीचा भाऊ पुण्यात नोकरीला होता, तो इंग्रजीत आलेली पुस्तकं घेऊन यायचा. आमच्या वयाच्या पोरींसाठीची प्रेमाची गोष्ट, लहान मुलांची नव्हे. समुद्राकाठचं एक गाव, शाळेच्या शेवटच्या वर्षातली एक मुलगी, सायकली दुरुस्त करणारा एक मुलगा. तो शहरात जाणार हे पहिल्याच पानापासून ठाऊक, तरी जीव अडकायचा. मैत्रीण पुस्तक चार दिवसांच्या वर देईना, मग मी अख्खं झेरॉक्स काढून घेतलं, एका कागदावर दोन-दोन पानं. जपानी पुस्तक उजवीकडून उघडतं. आधी उजवं पान वाचायचं, मग डावं. मलाही ते पहिल्यांदा कुठं कळलं होतं? दोन दिवस मी डावीकडून वाचत होते आणि पोरगी आधी रडते, मग भांडते, हे असलं कसलं प्रेम म्हणून डोकं खाजवत होते. मैत्रीण पोट धरून हसली होती. मला त्याचं काही वाटलं नाही. ही गोष्ट मी त्या दिवशी विसरायला नको होती.

तुमचा एक नियम होता, घरात सुटा कागद ठेवायचा नाही. विहारातल्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं तुम्ही हौसेनं बांधून द्यायचा आणि म्हणायचा, आपल्या मागच्यांच्या हातात पुस्तक आलं न्हाई, आपल्या हातात आलंय तर ते नीट राहिलं पायजे. तेव्हा माझी गादीखालची चळत तुम्हाला कधी ना कधी सापडणारच होती.

बारावीची परीक्षा संपली त्या दिवशी आम्ही दोघी दुकानात आलो. तुम्ही खळीचे हात घाईघाईनं पुसता आणि फळीवरून एक पुस्तक काढून माझ्या हातात देता. लाल कापडी पाठ, जाड पुठ्ठा, आत निळं अस्तर. शाळेच्या हजेरीपटांना तुम्ही असलं कापड कधी लावलं नव्हतं. "बघ की उघडून," म्हणता, आणि तुमच्या तोंडावरचं हसू लपत नाही. मैत्रीणच आधी उघडते. चार पानं उलटते आणि फस्सकन हसते. "अगं, हे सगळंच उलटं लागलंय!"

तुम्ही प्रत्येक कागद मधोमध कापून आधी डावं पान लावलं होतं, मग उजवं. पानांना नंबर नव्हते. चित्रं पार कडेपर्यंत होती. आणि कटिंग मशीनवर कडा मारून, शिवून, खळ लावून सगळं पक्कं केलं होतं. आता उसवायचं तर फाडूनच.

"उजवीकडनं वाचत्यात ते!" मी ओरडले. तुम्ही चष्मा वर केला. "उजवीकडनं? उर्दूसारखं? उर्दू पुस्तकं बांधल्यात की मी. पर ही अक्षरं इंग्रजी दिसली. चित्रं मागंपुढं वाटली तवा म्हटलं झेरॉक्सवाल्यानं घोळ घातला असंल." आणि मी काय म्हणाले, अण्णा? मी म्हणाले, "चौथी शिकलेल्या माणसानं हात कशाला लावायचा त्याला?" मैत्रीण हसायची थांबली. तुम्ही पुस्तक माझ्या हातातून हळूच घेतलं, फळीवर ठेवलं आणि म्हणालात, "बरं. चुकलंच की. च्या ठेवू का दोघींना?"

चहा केलात तुम्ही. मी प्यायले नाही.

तुम्ही गेल्यावर दुकान रिकामं करताना ते मला सापडलं, खाकी कागदात गुंडाळलेलं. रद्दीत टाकलं असणार असं मी धरून चालले होते. उघडलं तर प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं नंबर. तुमचे मराठी आकडे, पाचाला लांब शेपूट. तुम्ही आधी उजवं, मग डावं असं धरून सगळ्या पानांचा क्रम लावला होता. कुठंकुठं खोडरबरानं कागद खरवडलाय. मधे दोन झेरॉक्स मागंपुढं झाली होती, तीसुद्धा तुम्ही मुलीच्या कपड्यांवरून ओळखून जागेवर आणलीत. इंग्रजीचं एक अक्षर येत नसताना नुसती चित्रं बघून अख्खी गोष्ट वाचली होतीत.

फक्त शेवटच्या दोन पानांचे नंबर उलटे आहेत. खऱ्या गोष्टीत ती दोघं स्टेशनवर एकमेकांना मिठी मारतात, आणि मग रिकामा फलाट. तुमच्या नंबरानं आधी फलाट रिकामा होतो आणि शेवटी मिठी येते. सगळी पानं बरोबर लावणारा माणूस नेमका तिथंच चुकेल, हे मला पटत नाही. विचारायला तुम्ही नाही.

आणखी एक सांगायचंय. त्या दिवशी मी क्रम चुकला म्हणून भडकले नव्हते. मधे एक पान आहे, जिन्याखाली तो तिचा मुका घेतो ते. तुम्ही ते पान कापलं, लावलं, शिवलं, म्हणजे बघितलं, हे डोक्यात आलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझी लाज झाकायला मी तुमची चौथी काढली. तुम्ही मात्र ते पान बघूनसुद्धा लाल कापड लावलं होतंत.

हे सगळं मला काल फोनवर तिला सांगता आलं असतं. नंबरांचं, शेवटच्या पानांचं. ती म्हणाली, "तुझ्या वडलांनी काय बांधलं होतं गं ते, उलटंपालटं!" आणि ती हसली. अण्णा, तिच्याबरोबर मीही हसले.